मोठ्या पेटीपाशी सांगायचं राहिलं

निर्मला,

लासूरच्या मंडळीला तुझ्या जागी नवे पाळक मिळाले. तरुण आहेत, आवाज मोकळा आहे, आणि उपासना सव्वा तासात आटोपतात. दावीद आबा मला बाजूला घेऊन म्हणाले, "लवकर सुटतंय आता सगळं. पर घाई कुणाला व्हती?" तू असतीस तर नव्या पाळकांची बाजू घेतली असतीस, हे मला माहीत आहे.

तुला जाऊन दोन महिने होत आले. उस्मानपुऱ्यातल्या आपल्या घरी अजून माणसं येतात. चहा घेतात आणि जाताना दारात थांबून प्रत्येक जण एकच गोष्ट सांगतो, की बाईंनी आमच्यासाठी वाजवलं होतं. कुणाच्या आईसाठी, कुणाच्या मोडलेल्या लग्नासाठी. एका हमालानं तर सांगितलं की त्याचा बैल गेला तेव्हा बाईंनी बैलासाठी वाजवलं. मी ऐकून घेतो. माझ्याकडं सांगण्यासारखं असं काही नाही. माझ्यासाठी तू वाजवलेलं एकही नाही, आणि यात दोष तुझा नाही.

तुझे वडील मला आठवतात. मिशनच्या शाळेत गणित शिकवायचे. एक परदेशी कुटुंब घर मोडून परत निघालं तेव्हा जाताना पियानो तुझ्या वडिलांना देऊन टाकला. वडिलांनी तो तुला शिकवला तो वहीतल्या सुरांप्रमाणे, गीताबरहुकूम. तू मधेच वही सोडून भलतीकडं जायचीस आणि ते बोटांवर फुटपट्टी मारायचे. हे तू मला लग्नानंतर सांगितलंस, तेव्हा पियानोवर क्रोशाचं कापड होतं आणि कापडावर तुझ्या कंपनीच्या फायली. मी मोजणी खात्यात होतो. दिवसभर शेतांच्या हद्दी मोजायच्या, नकाशे काढायचे. तू चिकलठाण्याच्या कंपनीत माणसं नेमायचं, त्यांना बढती द्यायचं काम बघत होतीस. विभागाची प्रमुख झालीस तेव्हा मी पेढे वाटले होते. आपलं सगळं व्यवस्थित चाललंय, असं मी समजत होतो.

मग कंपनीनं एक लाईन बंद केली. कुणाला कमी करायचं ती यादी वरून आली होती, पत्रं हातात द्यायचं काम तुझ्याकडं होतं. तिसऱ्या दिवशी एक फिटर तुझ्या केबिनमध्ये आला. पत्र वाचलं, घड्या घालून खिशात ठेवलं, पाणी मागितलं. ग्लास खाली ठेवून म्हणाला, "मॅडम, अब घर में कैसा बोलना, वो भी बता देव."

तू पर्स उचललीस आणि त्याला गाडीत घालून त्याच्या घरी गेलीस. हे तू मला संध्याकाळी सांगितलंस. "मी काय बोलणार तिथं? नुसती बसले. त्याच्या बायकोनं चहा केला, तो प्यायले." एवढं बोलून तू पियानोवरच्या फायली जमिनीवर ठेवल्यास, कापड काढलंस आणि बसलीस. मी दुधाची पिशवी हातात घेऊन दारातच उभा राहिलो. डावा हात एकाच जागी धरून तू उजव्या हातानं काहीतरी शोधत होतीस. सापडायचं, सुटायचं, परत त्याच्या जवळपास यायचीस.

"कुठलं गीत आहे?" मी विचारलं.

"कुठलंच नाही. त्यांच्या घरातलं आहे."

मला काही कळलं नाही. मी दूध तापवायला गेलो.

त्यानंतर तू त्या यादीतल्या एकेकाच्या घरी जाऊ लागलीस, कंपनीला न सांगता. परत आलीस की वाजवायचीस. वर्षभरानं एका रविवारी, चर्चहून आल्यावर, ताटावर बसता बसता म्हणालीस, "मी नोकरी सोडतेय. धर्मशास्त्र शिकायचं ठरवलंय. पाळक व्हायचंय."

मी विचारलं, "देवाची सेवा नोकरी सांभाळून होत नाही का?"

"होते. माझ्याच्यानं होत नाही."

"या वयात?"

"आणखी थांबले तर आणखी वय होईल."

तुझं हे असं होतं. समोरच्याला भांडायला जागाच ठेवायची नाहीस. मी भांडलो तरी. पंधरा दिवस तुझ्याशी कामापुरतं बोललो, आणि सोळाव्या दिवशी एक वाक्य बोललो ते आजही माझ्या तोंडात तसंच आहे. मी म्हणालो, "घरात मूल असतं तर असलं काही सुचलं नसतं."

तू भाजी निवडत होतीस. हात थांबले नाहीत.

मूल झालं होतं आपल्याला. मुलगी. अकरा दिवस होती. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी, आणि त्यानंतर पुन्हा झालं नाही. तिच्याबद्दल आपण दोघं कधीच बोललो नव्हतो, आणि बोललो ते असं. त्या वाक्याची माफी मी मागितली नाही. तू शिकायला गेलीस तेव्हा स्टेशनवर तुझी बॅग डब्यात चढवली, तीच माफी समजून घेशील असं मनाशी धरून चाललो. आज मागतो. उशीर झालाय, पण मागतो.

तुझी पाळकपदाची दीक्षा झाली आणि तुला लासूर स्टेशन गावचं चर्च मिळालं. पस्तीसेक घरांची मंडळी, कांद्याच्या बाजारातले हमाल, मजुरीला जाणाऱ्या बाया, एक नर्स, दोन मास्तर. तू हट्टानं पियानो टेम्पोत घालून नेलास. दोन गाद्यांच्या मधे तो उभा केला, आणि मी मागं बसून सगळा रस्ता त्याला धरून ठेवला. चर्चच्या दारात उतरवला तेव्हा दावीद आबांनी चहूबाजूंनी फिरून बघितला आणि जाहीर केलं, "ही तर पेटीच हाय. मोठी हाय एवढंच." तेव्हापासून लासूरला तो मोठी पेटी झाला.

माझी मात्र पंचाईत झाली. पाळकाच्या बायकोला सगळे पाळकीणबाई म्हणतात. पाळकबाईच्या नवऱ्याला काय म्हणायचं, हे लासूरला आधी कधी ठरवावंच लागलं नव्हतं. दोन-तीन रविवार मला कुणी हाकच मारली नाही. शेवटी आबांनीच तोडगा काढला. प्रीतिभोजनाच्या वेळी वाढप्याला ओरडून म्हणाले, "पाळकबाईंच्या मालकांना रस्सा वाढा." तू पदरात तोंड लपवून हसलीस. घरी परतताना गाडीत मी फुगून बसलो होतो, आणि तू हळूच म्हणालीस, "मालक, काच वर करा, धूळ येतेय." मग मीही हसलो. किती दिवसांनी हसलो होतो, निर्मला.

उपदेश संपला की तू पेटीपाशी बसून विचारायचीस, "आज कुणाला काही सांगायचंय का?" पहिले काही आठवडे कुणी बोललंच नाही. मग एकदा एक म्हातारी उठली. नवरा जाऊन महिना झाला होता. म्हणाली, "आमचं माणूस दारात आलं की खोकायचं. खोकला नव्हता वो. म्या डोईवर पदर घ्यावा म्हणून."

"किती वेळा खोकायचे?" तू विचारलंस.

"दोनदा. भांडण झालेलं आसलं तर येकदाच."

सगळे हसले. तू हसली नाहीस. तू नीट लक्षात ठेवत होतीस. कपडे कोणते घालायचे, चपला दारात काढायचे की आत, हेही विचारलंस. मग वाजवायला लागलीस. बारीक बारीक सूर, मग दोन जाड, मग थांबणं. परत कुठंतरी लांब जाऊन आलीस आणि परत ते दोन. तिसऱ्यांदा ते आले तेव्हा त्या म्हातारीनं डोक्यावर पदर घेतला. मी खिडकीतून पाहिलं. मला सूर कळत नाहीत, पण ते मी पाहिलं.

हो, खिडकीतून. तू वाजवायला बसलीस की मी बाहेर लिंबाखाली जायचो. तुला वाटायचं मला कंटाळा येतो. नंतर तू विचारायचीस, "आजचं कसं झालं?" आणि मी म्हणायचो, "लांबलं थोडं." इतक्या वर्षांत दुसरं काही म्हणालो नाही. आत बसवत नव्हतं, कारण तू "कुणाला काही सांगायचंय का" म्हणून सगळ्यांकडं बघायचीस, आणि बघता बघता तुझी नजर माझ्यापाशी थांबेल ही भीती होती.

सुमनबाई आल्या तो रविवार तर मंडळीत वादाचा झाला. चर्चच्या मागच्या गल्लीत त्या राहतात, शाळेत खिचडी शिजवतात. उपासना संपत असताना दारात उभ्या राहिल्या. "बाई, म्या जय भीमवाली. तुमच्या देवाचं मला काय ठाव नाय, आन् हात बी जोडायची नाय. माझी भैन गेली, तिच्यासाठी वाजवाल का?"

आबांना ते रुचलं नाही. ते म्हणाले, "पाळकबाई, ही उपासनेची पेटी हाय."

तू म्हणालीस, "आबा, पेटी माझ्या वडिलांची आहे. त्यांची हरकत नसती." आणि सुमनबाईंना विचारलंस, "कशी होती बहीण?"

"लई भांडकुदळ."

"मग तसंच वाजवते."

आणि काय वाजवलंस ते. पत्र्यावर दगड पडावेत तसं. आबा उठून बाहेर आले, माझ्याशेजारी लिंबाखाली उभे राहिले. आत सुमनबाई रडत रडत म्हणत होत्या, "व्हय. अशीच व्हती. अशीच." थोड्या वेळानं आबा म्हणाले, "आमची बी येक भैन अशीच व्हती," आणि परत आत गेले. तेव्हापासून सुमनबाई दर रविवारी शेवटच्या बाकावर. कबूल केल्याप्रमाणं हात कधी जोडले नाहीत. येताना तुझ्यासाठी भाकरी आणि ठेचा आणायच्या.

लासूरच्या उन्हानं पेटीच्या तारा उतरायच्या. पुण्याहून सूर लावणारा कारागीर वर्षातून एकदा यायचा, ते पुरायचं नाही. त्याच्याकडून मी खुंट्या फिरवायची किल्ली घेतली, कशी धरायची ते शिकून घेतलं. माझे कान जाड, पण हात स्थिर. आठवडाभर तू लासूरला, मी उस्मानपुऱ्यात; शनिवारी दुपारी मी तिथं आलो की आपण दारं लावून बसायचो. मी पेटीच्या पोटात डोकं घालून, तू पुढं बसून. तू पट्टी दाबायचीस आणि म्हणायचीस, "वर. अजून. केसभर. बस." काही वेळा तुझं "बस" यायच्या आधीच माझा हात थांबायचा, आणि तू सरळ पुढची पट्टी दाबायचीस. आपल्या संसारातले सगळ्यात चांगले तास ते होते. हे तुला सांगायला हवं होतं. मी शनिवारची वाट बघायचो, मोजणीच्या तारखा मुद्दाम शुक्रवारपर्यंत घ्यायचो. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. तुलाच नव्हतं.

अशाच एका शनिवारी तू म्हणालीस, "अहो, तिच्यासाठी वाजवायचंय मला."

कुणासाठी, ते मी विचारलं नाही. "वाजव की," म्हणालो.

"माझं मला आठवतं. तुमचं काय ते सांगा. नुसतं माझंच वाजवलं तर अर्धंच होईल."

मी पेटीतून डोकं वर काढलं नाही. "सगळं बोलायलाच हवं असं कुठं लिहिलंय?"

"कुठंच नाही. बायबलातपण नाही."

"पुढचा सूर दे."

तू दिलास. नंतर दोनदा विचारलंस, वर्ष-वर्षाच्या अंतरानं. दोन्ही वेळा मी पुढचा सूर मागितला.

मग या वर्षी पोटातल्या गाठीचं निघालं. डॉक्टर जेवढे आठवडे म्हणाले तेवढेही मिळाले नाहीत. हॉस्पिटलात लासूरची माणसं पाळीपाळीनं यायची. आबा यायचे, बाकावर बसून स्तोत्र म्हणायचे. सुमनबाई खिडकीत डबा ठेवून जायच्या, जो तुला खाता यायचा नाही आणि मी खायचो. एका दुपारी खोलीत आपण दोघंच होतो. तू पांघरुणावर बोटं हलवत होतीस. मी विचारलं, काय हवंय? म्हणालीस, "आता तरी सांगा."

मी म्हणालो, "बरी हो. लासूरला जाऊ. तिथं पेटीपाशी सांगतो."

तू माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "बरं." जी गोष्ट होणार नाही हे तुला कळलेलं असायचं, तिला तू अशीच "बरं" म्हणायचीस. चौथ्या दिवशी तू गेलीस.

गेल्या रविवारी मी तुझी पुस्तकं आणायला लासूरला गेलो. उपासना संपून सगळे पांगले होते. पुस्तकं खोक्यात भरत होतो तेवढ्यात सुमनबाई आल्या. डबा बाकावर ठेवला, पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "साहेब, बाई समद्यांला इचारायच्या. तुम्हाला नाय इचारलं का कधी?"

"विचारलं होतं."

"मंग?"

मी बाकावर बसलो आणि सांगितलं. जे तुला सांगायचं होतं ते त्यांना सांगितलं.

चौथा दिवस होता आपल्या मुलीचा. मी वैजापूरकडची एक मोजणी उरकून थेट दवाखान्यात आलो होतो. उन्हातान्हात, नांगरलेल्या रानातून दिवसभर चाललेलो. तू झोपली होतीस. नर्सनं विचारलं, घेता का, आणि मी हात पुढं केले. अंग झटकायचंही सुचलं नाही. ती छातीशी आली आणि शिंकली. दोनदा. नर्स हसली, म्हणाली, धूळ आहे हो तुमच्या अंगावर. मी तिला परत दिली, बाहेर नळावर जाऊन हातपाय धुतले, शर्ट ओला केला. आलो तोवर तिला आत नेलं होतं. मग ताप आला, आणि मग अकरावा दिवस. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं की हृदय जन्मतःच कमकुवत होतं. कागद वाचण्यात माझी सगळी नोकरी गेली. तो एक कागद मात्र मला कधी खरा वाटला नाही. शिंकण्याचं तुला सांगितलं, तर तुलाही तो खरा वाटणार नाही, म्हणून गप्प राहिलो. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुला जपतोय. तू मात्र अर्धंच घेऊन बसली होतीस.

सुमनबाईंनी सगळं ऐकलं. डोळे पुसले नाहीत, माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. डब्याचं झाकण उघडून भाकरी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, "साहेब, धुळीनं लेकरं मरत आसती तर लासूरला येक लेकरू उरलं नसतं."

मी जेवलो. सगळी भाकरी खाल्ली.

तू असं म्हणाली नसतीस. तू आधी काहीच म्हणाली नसतीस. पट्ट्यांवर हात ठेवून बारीकसारीक विचारत बसली असतीस. ती शिंकली तेव्हा तिचे डोळे उघडे होते का, शर्ट कोणत्या रंगाचा होता, मी काही बोललो का.

डोळे मिटलेले होते. शर्ट फिकट हिरवा होता. आणि मी तिला म्हणालो होतो, "सॉरी बाळा." निर्मला, तिच्याशी मी तेवढंच बोललो.